साडेचार महिन्यांचा व्रण आणि बंद केलेलं लिंबू

नमस्कार डॉक्टर. मी ३४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गणपतीच्या आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेताना तिची कड उजव्या हाताला लागली. कोपराच्या वळीपासून मनगटाकडे अर्धी वीत फाटलं. तालुक्याच्या दवाखान्यात नऊ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, बाराव्या दिवशी टाके काढले. तेव्हा नुसती बारीक रेघ होती. आता साडेचार महिने झाले, तर रेघ जाड होऊन वर आलीय, तांबूस-जांभळी दिसते, रात्री खाजते, हात पूर्ण सरळ केला की ओढल्यासारखं होतं. जखम भरून इतके दिवस झाले तरी असं का? आत काही राहिलंय, की टाकेच नीट घातले नाहीत? जाऊबाई व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावायला सांगतात, मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिलीय. सासूबाईंनी जखम झाल्यापासून भात, वांगं आणि आंबट बंद केलंय, ते अजून बंदच आहे. वैशाखात दिराचं लग्न आहे. तोवर हा डाग जाईल का?

— एक शिक्षिका

नमस्कार बाई. (शिक्षिकेला ‘बाई’ म्हणायची सवय साठी उलटली तरी जात नाही, चालवून घ्या.)

आधी जिवाला लागलेला घोर उतरवू. आत काही राहिलं असतं तर ते सहसा इतकं शहाण्यासारखं वागत नाही. जागा दुखते, सुजते, मधूनच तोंड फुटून पाणी किंवा पू येतो. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. लालसरपणा, टणकपणा, खाज, ओढ ही तुमची चारही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत: जखम अजून भरतेच आहे. ती भरून चार महिने झाले हा तुमचा हिशोबच मुळात चुकलाय, आणि तो तसा चुकायला आम्ही डॉक्टर मंडळी जबाबदार आहोत. ‘टाके निघाले, आता काही नाही’ हे वाक्य मी स्वतः नोकरीच्या काळात किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. तेच लोक तीन-चार महिन्यांनी हात नाहीतर पोट उघडं करून समोर उभे राहायचे: ‘बाई, हे काय झालं?’

झालं ते असं. शरीराला उघड्या जखमेची घाई असते. जंतू शिरायच्या आत भोक बुजवायचं, सुबकपणाचं मागाहून बघू, असा त्याचा खाक्या. पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं, मग तीन-चार दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. तेव्हाचा ठणका आणि सूज त्यांची. त्यानंतर दोन-तीन आठवडे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी खाली कोलॅजन भरत सुटतात आणि वरून कातडीचा पापुद्रा मिटतो. तुम्ही बाराव्या दिवशी पाहिलेली बारीक रेघ यातली. वरून छान, आतून नुसतं टाचून ठेवलेलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी अशा जखमेची ताकद धड कातडीच्या जेमतेम २० टक्के असते. टाके काढले त्या दिवशी तर त्याहूनही कमी. आणि पुढच्याच सोमवारी तुम्ही त्याच हातानं फळ्यावर लिहायला लागला असणार, घरी हंडेही उचलले असणार. दोष देत नाही. आपल्याकडे हाताला विश्रांती द्यायची ऐपत कुणाला असते?

खरी गंमत सुरू होते ती यानंतर, आणि ती कुणी सांगत नाही. कोलॅजन म्हणजे त्वचेतला दोर. तीन पेड एकमेकांत गुंफलेले, अगदी तिपेडी वेणीसारखे. घाईत भरताना शरीर बारीक, पटकन तयार होणारा दोर वापरतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फेरबांधणी सुरू होते. हा कच्चा दोर थोडा थोडा उसवायचा आणि त्या जागी जाड, पक्का दोर घालायचा. उसवणारी विकरं वेगळी, विणणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि दोघांचं काम एकाच वेळी शेजारी शेजारी चालतं. हे वर्षभर चालतं, काहींचं दोन वर्षंही.

आता तुमची लक्षणं याच्याशी जोडून बघा. कामाला रसद लागते, म्हणून तिथे नव्या केशवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं. तो तांबूस-जांभळा रंग त्यांचा. व्रणावर काचेचा पेला दाबून बघा, दाबलेल्या जागी रंग फिका पडला तर काम जोरात चालू आहे असं समजा. (आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर हे जरा निरखून बघावं लागतं.) पहिले काही महिने विणकाम उसवण्याच्या पुढे धावतं, म्हणून व्रण वर येतो. काही पेशी या काळात अर्धवट स्नायूसारख्या होतात आणि जखमेच्या कडा आत खेचतात. जिनिव्हातल्या ज्युलिओ गॅब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या पेशी दाखवून दिल्या. तुमचा हात ओढतो तो त्यांच्यामुळे. खाज येते कारण तुटलेल्या नसा परत वाढत असतात आणि व्रणात तेलग्रंथी नसल्यानं ती जागा कोरडी पडते. थोडक्यात, दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात व्रण जितका वाईट दिसतो तितका तो पुन्हा सहसा दिसत नाही. तुम्ही पत्र लिहायला नेमका तोच मुहूर्त धरलाय.

पुढे काय होईल? केशवाहिन्या हळूहळू मिटतील, रंग उतरेल, उंचवटा बसेल. तीन महिन्यांच्या आसपास ताकद ८० टक्क्यांपर्यंत येते आणि तिथेच थांबते, पूर्ण १०० टक्के कधीच होत नाही. कारण विणीत आहे. धड त्वचेतले दोर बुरडानं विणलेल्या टोपलीसारखे आडवे-उभे, तिरके गुंतलेले असतात. व्रणातले केरसुणीच्या काड्यांसारखे एका दिशेनं पडलेले. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी तिथे नव्यानं येत नाहीत. रफू कितीही चांगलं झालं तरी ते रफूच.

म्हणजे ‘डाग जाईल का’ याचं सरळ उत्तर ‘नाही’. लांबून कुणाच्या लक्षात येणार नाही इतका फिका आणि सपाट मात्र होऊ शकतो. सुश्रुतानं हे फार पूर्वी सांगून ठेवलंय. जखम भरली तरी तिची खूण देह आहे तोवर जात नाही, म्हणूनच तिला ‘व्रण’ म्हणायचं, अशी त्याची व्याख्या आहे. आपण मराठीत आजही जखमेच्या खुणेला तोच शब्द वापरतो. चांगल्या भरलेल्या जखमेची लक्षणंही तो देतो: तोंड मिटलेलं, गाठ नाही, सूज नाही, दुखत नाही, रंग कातडीसारखा, पातळी आजूबाजूच्या कातडीला मिळालेली. तुमच्या हाताला यातलं पहिलं मिळालंय, दुखणंही नाही; बाकीच्यांची वाट बघायची आहे. (जाता जाता: तोंडाच्या आत गाल चावला गेला तर खूण जवळपास राहत नाही, आणि आईच्या पोटात साधारण २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भाची जखम व्रणाशिवाय भरते. म्हणजे शरीराला कला येते. बाहेरच्या धुळीच्या, जंतूंच्या जगात ती दाखवायला त्याला फुरसत मिळत नाही.)

आता सासूबाईंचं पथ्य. तुम्ही ते पत्राच्या शेवटी भीतभीत लिहिलंय, पण मला सगळ्यात खटकलं ते हेच.

भात खाल्ल्यानं पू होतो, वांगं वातूळ, आंबटानं जखम चिघळते हे मी दवाखान्यात रोज ऐकलंय. भात आणि वांगं बंद केल्यानं नुकसान नाही, नुसता जिभेचा छळ. आंबटाची गोष्ट वेगळी. मघाच्या तिपेडी वेणीचे पेड एकमेकांना धरून राहावेत म्हणून शरीराला जी रासायनिक गाठ मारावी लागते, तिला व्हिटॅमिन सी लागतं. ते नसेल तर पेड सुटे राहतात, वेणी पडतच नाही. आणि आपण बंद काय करतो? लिंबू, आवळा, पेरू, संत्रं, चिंच, टोमॅटो. चिंच सोडली तर ही यादी म्हणजे व्हिटॅमिन सीची दुकानं आहेत.

याचा एक भयानक दाखला इतिहासात आहे. १७४० मध्ये इंग्लंडचा कमोडोर जॉर्ज ॲन्सन युद्धनौका घेऊन निघाला. महिनोन् महिने ताजी फळं-भाजी नाही, त्यामुळे खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्यानं होणारा आजार झाला आणि माणसं शेकड्यांनी मेली. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. त्या भरून पन्नास वर्षं लोटलेली. स्कर्व्हीत त्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या!

पन्नास वर्षांचा व्रण उघडतो याचा अर्थ काय? फेरबांधणी वर्षा-दोन वर्षांत मंदावते, संपत मात्र कधीच नाही. जुन्या व्रणातही उसवणं आणि विणणं आयुष्यभर धिम्या गतीनं चालूच असतं. विणणं थांबलं की उसवणं एकटंच पुढे जातं. सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लशीचे गोल वण असतील, त्यांच्या वयाच्या बहुतेकांच्या असतात. त्या वणांतला दोरही गेली कित्येक वर्षं बदलला जातोय, आणि तो धड राहिलाय तो त्यांनी आजवर वरणभातावर पिळलेल्या लिंबामुळे. हे त्यांना हसत सांगा. लेक्चर देऊ नका.

दुसरा दाखला माझ्या आवडीचा, कारण तो एका तरुण सर्जनच्या वेडाचा आहे. १९३९ मध्ये बोस्टनच्या जॉन क्रँडन यानं स्वतःवर प्रयोग केला. व्हिटॅमिन सी अजिबात नसलेलं अन्न तो महिनोन् महिने खात राहिला. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम जखम केली, ती व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनी दुसरी केली. दहा दिवसांनी तपासलं तर वरची कातडी मिटलेली, आणि खाली नुसती रक्ताची गुठळी, भरण्याचा पत्ताच नाही. मग शिरेतून व्हिटॅमिन सी दिलं आणि पुढच्या दहा दिवसांत तीच जखम आतून भरू लागली.

घाबरू नका, तुम्हाला स्कर्व्ही झालेला नाही. हिरवी मिरची, कोथिंबीर, कोबी, पालेभाजी यांतून तुमच्या पोटात थोडंफार जातच असणार, आणि पहिल्या तीन महिन्यांत क्रँडनचीही जखम भरली होतीच. व्रण वर आला तो लिंबू बंद केल्यामुळे, असंही मी म्हणत नाही. पण शरीर दोर विणत असताना त्याच्या हातातून सूत काढून घेण्यात काय शहाणपण? एक मध्यम पेरू खाल्ला तरी दिवसाची गरज भागून वर उरतं. लिंबू शिजवू नका, ताटात वरून पिळा. सोबत डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडं. कारण दोर शेवटी प्रथिनांचाच असतो. गोळ्यांची गरज नाही.

आता जाऊबाई आणि मेडिकलवाला. व्हिटॅमिन ई व्रणावर चोळायची पद्धत सगळीकडे आहे. १९९९ मध्ये १५ रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. एकाच व्रणाच्या एका भागाला साधं मलम, दुसऱ्या भागाला तेच मलम व्हिटॅमिन ई घालून. बहुतेकांना फरक पडला नाही किंवा व्रण आणखी वाईट दिसला, आणि तिघांतल्या एकाला तिथे ॲलर्जीचं पुरळ उठलं. तेव्हा जाऊबाईंचे आभार माना आणि कॅप्सूल बाजूला ठेवा. कांद्याच्या अर्काच्या महागड्या ट्यूबांबद्दलही माझं मत फार बरं नाही. दुकानदारानं दिलेल्या ट्यूबवरचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही आहे का ते आजच बघा. ही स्टेरॉइडं आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन् महिने चोळली तर आजूबाजूची चांगली कातडी पातळ होते, पांढरी पडते. असली मलमं आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जातात, याचा मला अजून राग येतो.

मग करायचं काय? थोडंच. सिलिकॉनची शीट किंवा जेल मिळतं. शीट दिवसातून किमान १२ तास, निदान तीन महिने, रोज धुवून पुन्हा लावायची. उन्हाळ्यात घामोळं आलं तर दोन दिवस सुट्टी. पुरावा अगदी भक्कम आहे असं नाही, पण अपाय जवळजवळ नाही आणि उंचवटा व खाज दोन्हींना बऱ्याच जणांना उतार पडतो. रात्री झोपताना पाच-दहा मिनिटं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून अंगठ्यानं दाबत मालिश करा, कातडी खालच्या भागावर सरकली पाहिजे इतक्या जोरानं. नुसतं तेल पुसायचं नाही. शीट त्यानंतर लावणार असाल तर आधी साबणानं तेल काढा, नाहीतर ती चिकटणार नाही. आणि ऊन. नव्या व्रणावर ऊन पडलं की तो काळपट होतो आणि आपल्या वर्णाच्या कातडीत तो काळेपणा वर्षानुवर्षं रेंगाळतो. शाळेच्या मैदानावर पूर्ण बाहीचा ब्लाउज किंवा कुर्ता, नाहीतर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. लिंबू पोटात घ्यायला सांगितलंय, कातडीवर नव्हे. लिंबू चोळून उन्हात गेलात तर पोळल्यासारखे डाग उठतील.

एक काम तुमच्यातल्या शिक्षिकेसाठी. पुस्तकांना घालतो तसलं पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, व्रणावर ठेवा, मार्करनं त्याची कड गिरवा आणि तारीख घाला. दर महिन्याला नवा कागद. व्रण वर आलेला असला तरी मूळ जखमेच्या हद्दीतच असेल तर तो नुसता जाडावलेला व्रण. असा व्रण बहुधा पहिल्या एक-दोन महिन्यांत वर येतो आणि हळूहळू आपसूक बसतो. रेषा हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर सरकत असेल तर मात्र केलॉइडचा संशय घ्यायचा. फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेकड्याच्या नांग्यांवरून हे नाव दिलं; कातडीत नांग्या रोवल्यासारखाच तो पसरतो. तो आपणहून बसत नाही, आणि नुसता कापून काढला तर बहुतेकदा आधीपेक्षा मोठा होऊन येतो. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडीच्या जागा; हाताच्या खालच्या भागात तो कमी दिसतो. माहेरी कुणाच्या कानाला टोचल्यावर गाठ आली होती का, एवढं आईला विचारून ठेवा. तसं असेल किंवा रेषा सरकत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते व्रणातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. दुखतं, पण गुण येतो.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांबद्दल. व्हिएन्नाच्या कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये दाखवलं की कातडीला ठिकठिकाणी ठराविक दिशेचा ताण असतो. त्या रेषेला धरून गेलेली जखम बारीक भरते, आडवी गेलेली रुंद होते. सर्जन चिरा घेताना दिशा निवडतो. ट्रंकेची कड निवडत नाही. तुमची जखम तर कोपराच्या वळीपासून सुरू होते, जिथे दिवसाला शेकडो वेळा ताण पडतो. बारा दिवसांनी बारीक रेघ दाखवणाऱ्या माणसानं टाके वाईट घातले असं मला तरी म्हणवत नाही.

इतर वाचकांसाठी एक ओळ: भाजल्याच्या जुन्या, दहा-वीस वर्षांपूर्वीच्या व्रणात फोड किंवा घाव होऊन तो भरत नसेल तर थांबू नका, क्वचित त्यात कर्करोग निघतो. बाईंच्या व्रणाचा याच्याशी काही संबंध नाही.

तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट खरोखर तातडीची वाटली, ती म्हणजे हात सरळ करताना होणारी ओढ. आज आरशासमोर उभ्या राहा आणि दोन्ही हात समोर पूर्ण ताणा. उजवं कोपर डाव्याइतकं सरळ होत असेल तर दिवसातून चार-पाच वेळा हात सावकाश ताणून दहापर्यंत आकडे मोजायचे, एवढं पुरे. ते थोडंही वाकलेलं राहत असेल तर वैशाखाची वाट बघू नका, याच आठवड्यात टाके घातलेल्या डॉक्टरांना दाखवा आणि फिजिओथेरपी सुरू करा. आकसलेला व्रण कच्चा असताना ताणला जातो, पिकल्यावर त्याला ऑपरेशन लागतं.

वैशाखात तुमचा व्रण आठ-नऊ महिन्यांचा असेल. रंग बराच उतरलेला असेल, पूर्ण नाही. ब्लाउजची बाही कोपराच्या खाली चार बोटं शिवून घ्या, आणि लग्नाच्या पंगतीत भातावर लिंबू मागून घ्या.